शाळेचं संमतीपत्र आलंय, सही करू की थांबू?

तिसरीची_आई:

नमस्कार सगळ्यांना. परवा शाळेकडून संमतीपत्र आलंय, येत्या सोमवारनंतरच्या सोमवारपासून प्रत्यक्ष वर्ग सुरू, पाठवायचं असेल त्यांनी सही करून द्या, बाकीच्यांसाठी ऑनलाईन "शक्य तेवढं" चालू राहील. दोन दिवस तो कागद फ्रीजवर लावलाय आणि येताजाता मी तो वाचतेय. मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. मार्च २०२० ला कोविडमुळे शाळा बंद झाली तेव्हा पहिलीत होती, दुसरी अख्खी स्क्रीनवर गेली, आता २०२१ मध्ये तिसरीही अर्धी संपत आली. घरात सासूबाई आहेत, वय ७४, शुगर आहे, त्यांचे कोविडच्या लसीचे दोन्ही डोस झालेत. मुलीच्या वयाला आमच्याकडे अजून लस नाहीये.

नवरा म्हणतो थांबूया, दीड वर्ष काढलं तर अजून तीनचार महिन्यांनी काय बिघडतंय. मलाही आधी तेच पटत होतं. पण गेल्या आठवड्यात ती बाहुल्यांची शाळा भरवत होती, आपण सगळ्यांनीच लहानपणी खेळलोय तसं, तर सगळ्या बाहुल्या भिंतीला टेकवून बसवल्या आणि प्रत्येकीच्या पुढ्यात एकेक पुस्तक उभं केलं, ते म्हणे त्यांचे मोबाईल. आणि ही टीचर होऊन सांगतेय, "तुझा आवाज येत नाहीये, म्यूट काढ. नेट गेलं का? बरं, उद्या सांग." लगेच पुढच्या बाहुलीकडे वळली. एकही बाहुली शेजारचीशी बोलत नव्हती. मी दारातच उभी राहिले.

क्लास चालू असतानाही हिला उत्तर येत असतं, ओठ हलताना दिसतात, पण माइक चालू करत नाही. का गं म्हटलं तर म्हणते कशाला, टीचर पुढे गेल्या.

पण मग संमतीपत्रातली शेवटची ओळ आहे, "पाल्यास संसर्ग झाल्यास त्याची जबाबदारी शाळेवर राहणार नाही", ती वाचली की पोटात गोळा येतो. ज्यांनी पाठवलं आणि ज्यांनी नाही पाठवलं त्या दोघांनीही सांगा काय विचार केलात. फक्त भांडू नका प्लीज, आमच्या पालकांच्या ग्रुपवर रोज तेच चाललंय.


खडूफळा:

ताई, मी प्राथमिकला शिकवते, १९ वर्षं झाली. आमचे वर्ग महिन्यापूर्वी सुरू झालेत, त्यामुळे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगते. पाठवा.

पहिल्या दिवशी फळ्यावर पाच ओळी लिहिल्या आणि उतरवून घ्या म्हटलं. चौथीची मुलं आहेत. वर बघायची, एक शब्द डोक्यात धरायची, वहीत खाली बघून लिहायची आणि परत मान वर केली की आपण कुठल्या ओळीवर होतो तेच सापडायचं नाही. पाच ओळींना जवळजवळ सगळा तास गेला. फळ्यावरून उतरवून घेणं हेही शिकावं लागतं आणि रोज न केलं तर विसरतं हे इतक्या वर्षांत मला कधी जाणवलंच नव्हतं. चार मुलं पेन्सिल मुठीत धरून लिहितात. एक मुलगा माझ्यापासून दोन फुटांवर बसतो, त्याला पाणी प्यायला जायचं होतं तर हात वर करून गप्प बसून राहिला, मी नाव घेईपर्यंत. स्क्रीनवर तसंच करायचं असतं ना.

आणि हे फक्त माझ्या वर्गातलं नाहीये. नेदरलँड्समध्ये पहिल्या लाटेत शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या, घरोघरी चांगलं इंटरनेट असलेला देश, आणि योगायोगाने तिथे बंद व्हायच्या थोडं आधी आणि उघडल्यावर लगेच अशा दोन्ही वेळा परीक्षा झाल्या होत्या त्यामुळे मोजता आलं. तर त्या आठ आठवड्यांत मुलं घरून जवळजवळ काहीच शिकली नाहीत असं दिसलं, आणि ज्या घरात आईवडील कमी शिकलेले तिथे नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त. तिथे आठ आठवडे, आपण दीड वर्षाच्या गोष्टी करतोय. माझ्या वर्गात तीन घरं अशी आहेत जिथे एकच मोबाईल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. ती मुलं कुठल्याच वादात दिसत नाहीत कारण त्यांच्या पालकांना ग्रुपवर लिहायला सवडच नाही.

भीती मलाही वाटते. ५२ वय आहे, बीपीची गोळी चालू आहे, शाळा सुरू करताना आम्हाला कोणी संमतीपत्र दिलं नव्हतं. पण तरी सांगते, पाठवा.


सावध_बाबा:

मॅडम, तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे पण "पाठवा" इतकं सरळ नाहीये हो ते. माझा मुलगा दहा वर्षांचा, त्याला दमा आहे. रात्री दोन वाजता नेब्युलायझर लावून त्याच्या पाठीवर हात ठेवून मी बसलेलो आहे, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते तेव्हा कसं दिसतं ते मला माहितीये, त्यामुळे "मुलांना सौम्य होतो" असं कोणी सहज बोलून गेलं की राग येतो. बहुतेकांना सौम्य होतो हे मान्य. माझं पोर बहुतेकांत बसतं की नाही हे मला कोण सांगणार?

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत मे २०२१ मध्ये काय झालं ते वाचा. एक शिक्षक, लस न घेतलेला, नाक चोंदलंय, थकवा आहे, ॲलर्जी असेल म्हणून दोन दिवस वर्गात येत राहिला आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवताना मास्क काढायचा. वर्गात २४ मुलं, त्यातली १२ पॉझिटिव्ह. पहिल्या दोन रांगांतली १० पैकी ८. आणि लक्षात घ्या, तिथे बाकं सहा सहा फुटांवर होती, दारं खिडक्या उघड्या होत्या, वर्गात हवा गाळायचं मशीनसुद्धा होतं. तो डेल्टा होता, कोविडच्या विषाणूचा जास्त वेगाने पसरणारा प्रकार. हे सगळं असून निम्मा वर्ग, मग जिथे एका बाकावर तीन मुलं बसतात तिथे काय होणार सांगा.

आणि ती जबाबदारीची ओळ. पोराची फी घेताना जबाबदारी तुमची आणि आजारपण आलं की आमची? मी ताईंच्या जागी असतो तर आधी ती ओळ काढायला लावली असती. माझा मुलगा लस येईपर्यंत घरीच. त्याला रोज एक तास मी स्वतः शिकवतो, कामावरून आल्यावर.


खेळती_हवा:

मी इमारतींच्या वातानुकूलन आणि व्हेंटिलेशनचं काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

सावध_बाबांनी सांगितलेला किस्सा खरा आहे पण त्यातला दुसरा आकडाही बघा. पुढच्या दोन रांगांत १० पैकी ८, मागच्या तीन रांगांत १४ पैकी ४. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर बसलेल्यांना त्याचा श्वास जवळजवळ थेट मिळतो, तिथे खिडकी फारशी मदत करू शकत नाही, तिथे मास्कच लागतो आणि आजारी माणसाने घरी बसणं लागतं. खिडकीचं काम वेगळं, जे बारीक कण तासन्‌तास खोलीत तरंगत राहतात ते बाहेर काढणं. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलं होतं की हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या, तरी अजून शाळांचा सगळा जोर बाकं पुसण्यावर आणि गेटवर कपाळाला थर्मामीटरची बंदूक लावण्यावर आहे. ताप नसलेलं पोरही पसरवू शकतं, बंदुकीला ते काय कळणार.

खिडक्या बंद झाल्या तर काय होतं त्याचं उदाहरण इस्रायलचं. मे २०२० मध्ये शाळा उघडल्या, वर्ग भरगच्च, त्यात उष्णतेची लाट आली म्हणून मुलांना तीन दिवस मास्कमधून सूट दिली आणि एसी लावून सगळं बंद करून बसले. जेरुसलेममधल्या एका शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी पॉझिटिव्ह आले. उलट डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्येच लहान मुलांचे वर्ग उघडले, छोटे गट, गट एकमेकांत मिसळायचे नाहीत, हात धुणं, जमेल तितकं बाहेर उघड्यावर शिकवणं, आणि तिथे शाळांमुळे लाट उसळली नाही. म्हणजे शाळा उघडणं चांगलं की वाईट हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो, कुठली खोली आणि त्यात किती पोरं ते आधी विचारायला हवं.

ताई, तुम्ही शाळेत जाऊन स्वतः खोली बघून या. मुख्य म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींना उघडं आहे का बघा. एकाच भिंतीला खिडक्या असल्या तर हवा आत येते पण पलीकडून बाहेर जायला वाट नसते, मग निदान समोरचं दार पूर्ण उघडं पाहिजे. टिशू पेपरची बारीक पट्टी फाडून खिडकीत धरा, हलली तर हवा वाहतेय, लोंबकळत राहिली तर ती खिडकी नुसती शोभेची. वरच्या झडपा उघडतात का बघा, गरम हवा वर जाते आणि तिथूनच निघते, जुन्या इमारतींत नेमक्या त्याच रंगाने चिकटून बसलेल्या असतात. सगळं बंद करून पंखा लावला तर तीच हवा गोल गोल फिरते, त्याला व्हेंटिलेशन म्हणत नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा मीटर मिळाला तर उत्तमच. बाहेरच्या हवेत साधारण ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) थोडं वर असतो, वर्ग भरलेला असताना ८०० च्या आत राहिला तर मी माझ्या पोराला तिथे बसवेन, १००० च्या पुढे गेला आणि तिथेच राहिला तर समजा मुलं एकमेकांची शिळी हवा घेतायत.

हे काही नवीन नाहीये. क्षयरोगाच्या काळात १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला झाडांखाली शाळा काढली होती, १९०८ मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला एका वर्गाच्या खिडक्या हिवाळाभर सताड उघड्या ठेवून मुलांना गरम पिशव्यांत गुंडाळून बसवायचे. आपल्याला कपाट हलवून एक खिडकी उघडायला जड जातंय.


अकरावीतला_मी:

मोठ्यांच्यात बोलतोय पण एक सांगू का. मी सायन्सला आहे. टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचा प्रयोग, मला तोंडपाठ आहे, इंडिकेटर कुठला, रंग कधी बदलतो सगळं, पण ते थेंब ज्यातून सोडतात तो ब्युरेट मी आयुष्यात हातात घेतलेला नाहीये. व्हिडीओत दुसऱ्याचा हात दिसतो, तो तोटी फिरवतो आणि पटकन गुलाबी होतं. सर म्हणतात शेवटचा एक थेंब कळणं हे हातालाच शिकावं लागतं. कॉलेजमधल्या एकाही मुलाला मी अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही, नावं माहितीयेत, चेहरे गोल फोटोतले. पाठवायचं का नाही हे ठरवताना एकदा मुलीलाही विचारा एवढंच. आम्हाला कोणीच विचारलं नाही.


वॉर्डातली_ताई:

लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगते.

सावध_बाबा, तुमची काळजी अगदी रास्त आहे. दमा ज्याचा आटोक्यात आहे, औषध नियमित चालू आहे, त्याची गोष्ट वेगळी आणि ज्याला महिन्यातून दोनदा नेब्युलायझर लागतो त्याची वेगळी, त्यामुळे हा निर्णय ग्रुपवर न घेता त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि सगळ्याच पालकांना सांगते, कोविड सौम्य होऊन गेला तरी नंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांत मुलाला उतरत नसलेला ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, पोटात जोरात दुखणं किंवा उलट्या असं काही झालं तर घरी थांबू नका. एमआयएस-सी म्हणतात त्याला, कोविडनंतर मुलांच्या अनेक अवयवांना सूज येते तो आजार. क्वचितच होतो, वेळेत आणलं तर बहुतेक मुलं बरी होऊन घरी जातात, उशीर झाला तर हृदयावर ताण येतो.

ताई, तुमच्या सासूबाईंबद्दल. दोन डोस ही मोठी ढाल आहे पण वय आणि शुगर बघता थोडं जपा. मुलगी शाळेतून आली की हातपाय धुणं वगैरे आहेच, पण खरं म्हणजे शाळा सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे आजी आणि नात एकाच बंद खोलीत झोपू देऊ नका, गप्पा खिडकीजवळ किंवा बाहेर होऊ देत. आणि मुलीला नुसती शिंक जरी आली तरी त्या दिवशी आजीपासून लांब.

सगळ्यात अवघड नियम वेगळाच आहे, आजारी मूल घरी ठेवणं. सकाळी पॅरासिटामॉल देऊन शाळेत सोडलेलं पोर दुपारी फणफणून येतं हे आम्ही महामारीच्या आधीपासून बघतोय. आईवडिलांनाही सुट्टी मिळत नाही, मी त्यांना दोष देत नाही. पण शाळेने "हजेरी पूर्ण" असली बक्षिसं या वर्षी बंद करावीत. १९१८ च्या फ्लूमध्ये न्यूयॉर्क आणि शिकागोने शाळा चालू ठेवल्या होत्या, कारण घरं दाटीवाटीची होती आणि शाळेत निदान रोज सकाळी पोरांकडे बघायला डॉक्टर नर्स होत्या. जे शिंकतंय खोकतंय ते बाजूला काढायचे. त्या रोजच्या बघण्यावर सगळं टिकून होतं. तुमच्या शाळेत ते काम कोण करणार हे विचारा.


सावध_बाबा:

ताई, धन्यवाद, डॉक्टरांना फोन करतो. खेळती_हवा, मागच्या रांगांचा आकडा मी वाचला होता पण तसा विचार केला नव्हता, ते मान्य. तरी माझा एक मुद्दा राहतोच आणि तो कोणी सोडू नये. ज्यांना पाठवता येत नाही त्यांच्यासाठी ऑनलाईन "शक्य तेवढं" म्हणजे काय? आमच्याकडे वर्ग सुरू झाले आणि ऑनलाईन म्हणजे संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो यायला लागले, तेही अर्धे तिरके. माझा मुलगा त्या फोटोत मित्रांचे हात बघतो, कोणाचं मनगट कोणाचं ते ओळखतो. शाळा उघडा, मी आडवा येत नाही, पण घरी राहिलेल्या पोराचं नाव हजेरीच्या वहीतून पुसू नका.


खडूफळा:

दादा, हे वाचून वाईट वाटलं. खरं सांगते, एकाच वेळी समोरची २० आणि स्क्रीनवरची १५ सांभाळणं एका माणसाकडून होत नाही, स्क्रीनवरची सुटतात. मी आता आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर अर्धा तास फक्त घरच्या मुलांसाठी घेते. तुमच्या शाळेतल्या बाईंना विचारून बघा, मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात बसवून दिलं तर कोणी नाही म्हणणार नाही. आणि वाचून दाखवताना मीही कधीकधी मास्क खाली घेत होते, मुलांना ओठ दिसावेत म्हणून. उद्यापासून नाही घेणार.


तिसरीची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार, भांडला नाहीत त्याबद्दल जास्तच. अपडेट देते.

काल मी आणि नवरा दोघं शाळेत जाऊन आलो. आधी जरा का कू केलं त्यांनी, मग शिपाईकाका खोली दाखवायला आले. तीन खिडक्या एका भिंतीला, समोर दार, आणि तिसऱ्या खिडकीसमोर जुन्या वह्यांचं लोखंडी कपाट. टिशूची पट्टी मी खरंच नेली होती. दोन खिडक्यांत हलली, दार उघडल्यावर चांगली फडफडली, कपाटामागे काहीच नाही. मुख्याध्यापिका बाईंनी ते बघितलं आणि काकांना तिथल्या तिथे कपाट हलवायला सांगितलं, मागून केवढी धूळ निघाली. एका बाकावर दोन मुलं, आलटूनपालटून तीन दिवस, डबा मैदानात खायचा, हे ठरलेलं आहे म्हणाल्या. सकाळी मुलांकडे कोण बघणार याला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी आणि अजून दोन आयांनी पहिले दोन आठवडे आळीपाळीने गेटवर उभं राहायचं कबूल केलंय.

जबाबदारीच्या ओळीबद्दल नवऱ्याने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या तो छापील मजकूर वरून आलाय. मग आम्ही ती ओळ पेनाने खोडली, बाजूला लिहिलं की शाळेने काय काय करायचं मान्य केलंय, आणि खाली सही केली. घेतला त्यांनी कागद.

मुलीला विचारलं. ती म्हणाली माझ्या बाकावर कोण असणार? नाव सांगितलं तर म्हणाली ती तर उंच झाली असेल. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या मी आपली महिनाभर बाहेरच्या खोलीत झोपते, पोरीला जाऊ दे. नवरा अजून पूर्ण तयार नाहीये, पहिला आठवडा बघून परत बोलायचं असं ठरलंय आमचं, आणि गरज पडली तर मी तिला परत घरी ठेवीन हेही कबूल केलंय मी त्याला.

वरच्या दोन झडपा रंगाने घट्ट चिकटल्यात, त्या शनिवारी उघडून देतो म्हणालेत. मी जाणार आहे बघायला, उघडल्या की इथे लिहिते.